वापरलेल्या पाण्याचा मालक कोण?

पुण्यात सकाळी कुणीतरी आंघोळ करतं. ते पाणी मोरीतून ड्रेनेजमध्ये जातं. तिथून कधी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात, कधी थेट नाल्यात आणि शेवटी मुळा-मुठेत पोचतं. मुळा-मुठा भीमेला मिळते. आळंदीत जिच्यावर पांढरा फेस तरंगत असल्याच्या बातम्या आपण वारंवार पाहतो, ती इंद्रायणीही भीमेलाच मिळते. भीमा उजनी धरणात येते आणि उजनीचं पाणी सोलापूरच्या नळाला येतं. आषाढीला वारकऱ्यांच्या स्नानासाठी चंद्रभागेत पाणी सोडतात, तेही उजनीतूनच.

म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडने वापरून सोडलेलं पाणी सोलापूर जिल्हा आजही वापरतोच आहे. हे कुणी बैठकीत ठरवलं नाही, कुणाला विचारलं नाही, कुणी त्याचा हिशेब ठेवला नाही. नदी उताराने वाहते, एवढ्यावर ते चाललं आहे. अशा वापराला अनियोजित पुनर्वापर म्हणतात. उजनीचं हिरवं पडलेलं पाणी आणि त्यावरची जलपर्णी पाहिली की त्याची किंमत डोळ्यांना दिसते.

2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शहरांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते पुन्हा वापरण्याचं धोरण मंजूर केलं, तेव्हा माझ्या ओळखीच्या माणसांच्या दोन प्रतिक्रिया होत्या. काही म्हणाले, ‘शी, गटाराचं पाणी?’ काही म्हणाले, ‘करू दे की, पण होणार कधी?’ दोन्ही प्रश्न खरे आहेत. दोन्हींच्या मुळाशी मात्र तिसराच प्रश्न आहे आणि तो फारसा कुणी विचारत नाही: एकदा वापरून झालेलं पाणी कुणाचं?

आधी काही शब्द समजून घेऊ

घरातून बाहेर पडणारं सगळं वापरलेलं पाणी म्हणजे सांडपाणी. त्यात संडासचं पाणी मिसळलं की महापालिकेच्या भाषेत ते मैलापाणी होतं. शहरातल्या माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी लागतं असं पाणीपुरवठ्याच्या आखणीत धरतात आणि त्यातलं साधारण 80 टक्के पाणी ड्रेनेजमध्ये जातं. चार माणसांच्या घरात 540 लिटर आलं, तर 430 लिटर बाहेर पडलं. बातम्यांत दिसणारं ‘एमएलडी’ म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. या हिशेबाने एक लाख वस्तीचं गाव रोज 10-11 एमएलडी मैलापाणी सोडतं. धरणाच्या बातम्यांतला टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, हे सुमारे 2,832 कोटी लिटर पाणी. वर्षभर रोज 78 एमएलडी उचललं की एक टीएमसी संपतो.

अजून एकच शब्द लागेल: बीओडी. पाण्यातली घाण खाऊन संपवायला जंतूंना किती ऑक्सिजन लागेल, याचं ते माप. आकडा जितका मोठा तितकं पाणी घाण. आणि एक गोष्ट ऐकून बहुतेकांना नवल वाटतं. मैलापाण्यात हजार भागांतले जवळजवळ 999 भाग निव्वळ पाणीच असतं. सगळी खटपट उरलेल्या एका भागासाठी.

विरजण लावण्यासारखं काम

पहिल्यांदा शुद्धीकरण केंद्र पाहायला गेले तेव्हा नाकाला रुमाल लावूनच आत शिरले होते. सुरुवातीला तो लागतोही. पाणी आत येतं तिथे लोखंडी जाळी असते. तिच्यात शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, केसांचे पुंजके, सॅनिटरी पॅड आणि त्या दिवशी तर लहान मुलाची एक चप्पलही अडकली होती. पुढच्या टाकीत वाळू आणि खडे तळाशी बसतात. इथपर्यंत पाणी फक्त गाळलेलं असतं.

खरं काम त्यापुढच्या मोठ्या टाकीत चालतं. पाणी कडक चहाच्या रंगाचं, वर फेस, तळातून हवेचे बुडबुडे सतत वर येत असतात. तिथे मी रुमाल काढला, कारण वास ओल्या मातीसारखा होता. त्या टाकीत अब्जावधी जंतू घाण खात असतात आणि बुडबुड्यांतला ऑक्सिजन त्यांना श्वासासाठी लागतो. ऑपरेटरने काचेच्या लिटरभराच्या नळकांड्यात ते तपकिरी पाणी भरून ओट्यावर ठेवलं. आम्ही बोलत उभे राहिलो. अर्ध्या तासात गाळ खाली बसला आणि वर फिकट पिवळसर, जवळजवळ नितळ पाणी उरलं. गाळ किती आणि कसा बसला यावरून त्याला कळतं की जंतू आज बरे आहेत की आजारी.

तो गाळ म्हणजे त्या केंद्राचं विरजण. घरात कालचं चमचाभर दही आज दुधाला लावतो, तसा या गाळाचा काही भाग पुन्हा त्याच बुडबुड्यांच्या टाकीत सोडतात, म्हणजे नव्या मैलापाण्यावर तेच जंतू कामाला लागतात. आणि विरजणासारखंच ते बिघडतंही. काही तास वीज गेली, हवा बंद पडली, की जंतू गुदमरतात. एखाद्या छोट्या कारखान्याने धातूच्या मुलाम्याचं विषारी पाणी रात्रीत ड्रेनेजमध्ये सोडलं की सगळी टाकी मरते आणि नवं विरजण तयार व्हायला बरेच दिवस जातात. त्या दिवसांत नदीत काय जातं, ते सांगायला नको.

यानंतर वाळूच्या किंवा पडद्याच्या गाळण्या, मग क्लोरीन किंवा अतिनील किरणं. याला तृतीय स्तराची प्रक्रिया म्हणतात. बाग, बांधकाम, रस्ते धुणं, बऱ्याच कारखान्यांची गरज इथपर्यंत भागते. त्याहूनही शुद्ध हवं असेल तर घरच्या आरओचाच मोठा भाऊ लावतात. म्हणजे तंत्र जुनं आहे, माहितीचं आहे आणि आपल्या शहरांत ते चालवणारी माणसंही आहेत.

मग अडतं कुठे?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2021 मध्ये देशाचा हिशेब मांडला होता. शहरांत रोज सुमारे 72,368 एमएलडी मैलापाणी तयार होतं. शुद्ध करण्याची उभारलेली क्षमता 31,841 एमएलडी. प्रत्यक्षात शुद्ध होतं 20,235 एमएलडी. महाराष्ट्राचे आकडे बरे दिसतात: तयार होतं 9,107, क्षमता 6,890. पण प्रत्यक्ष शुद्ध होतं 4,242.

मला यात केंद्रांच्या कमतरतेपेक्षा शेवटचा आकडा जास्त छळतो. बांधून तयार असलेली क्षमताही आपण पुरती वापरत नाही. गावात पिठाची मोठी गिरणी बांधली, पण निम्म्या वाड्यांतून तिथवर रस्ताच नाही, अशी ही गत आहे. केंद्र नदीकाठी उभं राहतं, मात्र वस्त्यांपासून तिथपर्यंतची ड्रेनेजलाइन अर्धवट असते. मैलापाणी नाल्यातून केंद्राला वळसा घालून नदीत उतरतं. रस्ता खोदायची परवानगी, मधली खासगी जागा, रेल्वेचा रूळ, अतिक्रमण यात वर्षं जातात.

दुसरं कारण पैशाचं आहे. केंद्र बांधायला दिल्ली-मुंबईहून अनुदान येतं, कोनशिला बसते. ते पुढची 30 वर्षं चालवायचा खर्च मात्र महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या अंगावर पडतो. त्यातला मोठा वाटा विजेच्या बिलाचा, कारण हवेचे बुडबुडे फुकट येत नाहीत. छोट्या नगरपरिषदेला पगार आणि पथदिव्यांचं बिल भरताना नाकी नऊ येतात. तिथे हात आखडता घ्यायची वेळ आली की पहिली बंद होते ती हवा मारणारी यंत्रं. लोकांना ते दिसत नाही. नळाला पाणी आलं नाही तर मोर्चा निघतो, केंद्र बंद पडलं म्हणून निघालेला मोर्चा मी अजून पाहिलेला नाही.

कायदा नाही असंही नाही. जलप्रदूषणाचा कायदा 1974 चा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये शुद्ध केलेल्या मैलापाण्याचा बीओडी लिटरला 10 मिलिग्रॅमच्या आत असावा असं सांगितलं. कच्च्या मैलापाण्यात तो 200-300 असतो, म्हणजे अपेक्षा कडक आहे. पण नियम मोडणारी संस्था सरकारी आणि तिला नोटीस देणारं मंडळही सरकारी, अशी ही रचना आहे. दंड झाला तरी तो त्याच शहरातल्या करदात्याच्या खिशातून जातो.

म्हणून पुनर्वापराकडे मी आशेने बघते. फेकून द्यायच्या पाण्यावर खर्च करायला कुणाचा हात सैल सुटत नाही. विकायच्या मालावर मात्र माणूस लक्ष ठेवतो.

नागपूरने गिऱ्हाईक आधी शोधलं

हे जवळून पाहायचं असेल तर नागपूरकडे बघावं. शहराची तहान मुख्यतः पेंच आणि कन्हान भागवतात. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही महानिर्मितीची, म्हणजे राज्य सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीची, औष्णिक वीजकेंद्रं आहेत आणि त्यांनाही पाणी लागतं. किती, ते आपल्या लाइटबिलाच्या भाषेत सांगते. केंद्र सरकारच्या 2015 च्या नियमानुसार जुन्या औष्णिक केंद्राने मेगावॉट-तासाला जास्तीत जास्त साडेतीन घनमीटर पाणी वापरावं. म्हणजे एका युनिटमागे साडेतीन लिटर. कोराडीचे 660 मेगावॉटचे तीन मोठे संच दिवसभर पूर्ण ताकदीने चालले तर सुमारे 4.75 कोटी युनिट वीज होते. या मर्यादेने गुणलं तर दिवसाला 160-170 एमएलडी पाणी. एका मध्यम शहराला पुरेल इतकं.

दुसऱ्या बाजूला नागपूरचं मैलापाणी नाग नदीतून पुढे वैनगंगेकडे आणि गोसीखुर्द धरणात जात होतं. भंडाऱ्याकडचे लोक त्याबद्दल वर्षानुवर्षं तक्रार करत आले आहेत.

महापालिका आणि महानिर्मिती यांच्यात करार झाला. महापालिकेने भांडेवाडीला कच्चं मैलापाणी द्यायचं. महानिर्मितीने तिथे 130 एमएलडीचं केंद्र बांधायचं आणि शुद्ध पाणी नळाने वीजकेंद्राकडे न्यायचं. शिवाय महापालिकेला वर्षाला 15 कोटी रुपये द्यायचे. उभारणीला केंद्र सरकारच्या नागरी पुनरुत्थान योजनेची मदत मिळाली. नंतर भांडेवाडीतच खासगी भागीदारीतून 200 एमएलडीचं आणखी एक केंद्र उभं राहिलं.

या करारातला बारकावा मला फार मोलाचा वाटतो. केंद्र चालवणारा आणि पाणी वापरणारा इथे एकच आहे. पाणी खराब आलं तर त्याच्याच नळ्यांत क्षार साचतात, त्याचंच नुकसान होतं. त्याला शुद्धतेची आठवण करून द्यायला नोटीस लागत नाही. इतरत्र आधी केंद्र बांधतात आणि मग ‘कुणी पाणी घेतं का’ म्हणून जाहिरात काढतात.

2016 च्या राष्ट्रीय वीजदर धोरणाने हीच वाट सगळ्यांसाठी मोकळी केली. मैलापाणी केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी ते पाणी वापरणं बंधनकारक केलं आणि त्याचा खर्च वीजदरात धरायला मुभा दिली. धोरणाचा चांगला नमुना म्हणून मी हे उदाहरण देते, कारण त्यात कोणी घ्यायचं, किती अंतरापर्यंत आणि पैसे कुठून येणार, या तिन्हींची उत्तरं एकाच वाक्यात आहेत.

पण वाफ झालेलं पाणी परत येत नाही

आता अवघड भाग. वीजकेंद्राच्या रुंद मनोऱ्यांतून जे पांढरे ढग निघतात, तो धूर नसतो, ती पाण्याची वाफ असते. शहर 100 लिटर वापरतं तेव्हा 80 लिटर नदीला परत देतं, घाण करून का होईना. वीजकेंद्रात गेलेल्या पाण्याचा मोठा भाग मात्र हवेत जातो. खालच्या गावाच्या दृष्टीने ते पाणी गेलं ते गेलंच.

पुनर्वापराच्या कौतुकात हे निसटतं. नदीकाठच्या शहराचं सांडपाणी कुठेच ‘वाया’ जात नसतं. खाली कुणाची तरी विहीर, कुणाचा तरी ऊस, कुणाचं तरी धरण त्यावर उभं असतं. ते पाणी शुद्ध करून दुसरीकडे वळवलं तर नवं पाणी निर्माण होत नाही, फक्त ताट एकासमोरून उचलून दुसऱ्यासमोर ठेवलं जातं. तसं करणं योग्य असूही शकतं. वीजकेंद्र पेंचचं ताजं पाणी घ्यायचं थांबलं, तर तितकं पाणी धरणात उरलं. पण ते उरलेलं पाणी कालव्याने शेतात जाणार की वाढत्या शहराच्या पुढच्या टाकीत, हे लिहून ठेवलेलं नसेल तर त्याचं उत्तर दर उन्हाळ्यात जो बलवान तो देतो.

मुंढव्याचा जॅकवेल आणि बेबी कालवा

पुण्यात हा प्रश्न कागदावर सोडवायचा प्रयत्न झाला, म्हणून तो समजून घेण्यासारखा आहे. खडकवासला साखळीतल्या चार धरणांत मिळून सुमारे 29 टीएमसी पाणी. हवेली, दौंड, इंदापूरची शेती त्यावर अवलंबून आणि पुणंही त्यावरच. शहर वाढलं तसं त्याने शेतीच्या वाट्यातलं पाणी मागितलं. तोडगा असा निघाला की पुण्याने धरणातून जास्त पाणी घ्यावं आणि बदल्यात वर्षाला 6.5 टीएमसी पाणी शुद्ध करून शेतीला परत द्यावं. मुंढव्याला नदीवर जॅकवेल, म्हणजे पाणी उचलायची पंपविहीर, बांधला. तिथून पाणी पंपाने उचलून साडेसतरा नळीजवळ जुन्या मुठा कालव्यात सोडायचं. लोक त्याला बेबी कालवा म्हणतात.

6.5 टीएमसी म्हणजे वर्षभर रोज सरासरी 500 एमएलडी. कल्पना न्याय्य आहे: चांगलं पाणी घेतलंस, तर वापरून झालेलं पाणी धुऊन परत दे. पण उसनं घेतलेलं पीठ परत करताना त्यात खडे निघाले तर शेजारीण काय म्हणेल? शेतकऱ्यांचं म्हणणं तेच राहिलं की कालव्याला येणारं पाणी काळं आहे, त्याला वास येतो, विहिरी बिघडतात. महापालिका म्हणते, आम्ही पाणी दिलं. जलसंपदा विभाग म्हणतो, ठरलं तेवढं आणि ठरलं तसं दिलं नाहीत, आणि धरणातून मात्र मंजुरीपेक्षा जास्त उचललंत. वर्षामागून वर्षं या पत्रव्यवहारात गेली. जपानच्या कर्जातून 396 एमएलडीची 11 नवी केंद्रं हाती घेतली गेली, त्यामागे हाच दबाव आहे.

‘शेतीला हे पाणी द्यावंच का?’ असं विचारणारेही आहेत. शेतकरी ते आजही घेतोच, फरक इतकाच की कच्चं घेतो. शुद्ध केलेल्या पाण्यात उरलेलं नत्र आणि स्फुरद पिकाला उपयोगीच पडतं. धोका आहे तो जंतूंचा, कृमींच्या अंड्यांचा आणि कारखान्यांतून येणाऱ्या जड धातूंचा. म्हणून कच्च्या खायच्या कोथिंबीर-मेथीला एक निकष, उसाला दुसरा, असं करावं लागतं. आणि कारखान्यांचं पाणी घरगुती मैलापाण्यात मिसळणारच नाही याची राखण करावी लागते. एकदा धातू मिसळला की साध्या केंद्रात तो निघत नाही, गाळात नाहीतर पाण्यात राहतोच.

माझ्या मते इथे एक साधी गोष्ट व्हायला हवी. बेबी कालव्याच्या तोंडाशी फलक लावून रोजचा बीओडी आणि सोडलेलं पाणी मराठीत लिहावं आणि मोजणीची जबाबदारी पाणी देणाऱ्याकडे न ठेवता घेणाऱ्यांच्या पाणीवापर संस्थेकडे द्यावी. दुधाच्या डेअरीत फॅट मोजताना शेतकरी समोर उभा असतो. इथेही असावा.

‘इतका खर्च करून घेणार कोण?’

हा आक्षेप रास्त आहे. कारखानदाराला बोअरवेलचं पाणी पंपाच्या विजेच्या खर्चात मिळत असेल, तर तो प्रक्रिया केलेलं पाणी विकत का घेईल? पुनर्वापराचं पाणी महाग आहे असं म्हणण्याआधी त्याच्या शेजारचं पाणी किती स्वस्त ठेवलंय ते पाहावं लागतं.

सुरतेने पांडेसराच्या कापड कारखान्यांसाठी 2014 मध्ये 40 एमएलडीचं तृतीय स्तराचं केंद्र सुरू केलं. तिथे रंगाई-धुलाईला पाणी लागतंच आणि उन्हाळ्यात टंचाईही असते, त्यामुळे गिऱ्हाईक टिकलं. गुजरातने 2018 मध्ये त्यासाठी राज्याचं धोरणही केलं. चेन्नईने 2019 च्या भीषण टंचाईच्या वर्षी कोडुंगय्यूर आणि कोयंबेडूला प्रत्येकी 45 एमएलडीची आरओपर्यंत जाणारी केंद्रं चालू केली, पाणी उद्योगांकडे. आपल्याकडे नवी मुंबई महापालिकेने ऐरोली आणि कोपरखैरणेत प्रत्येकी 20 एमएलडीची व्यवस्था ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या उद्योगांसाठी उभारली. या सगळ्या ठिकाणी घेणारा जवळ आहे, त्याला रोज पाणी लागतं आणि त्याची दुसरी सोय महाग किंवा बेभरवशाची आहे. हे नसेल तिथे केवळ आदेशाने पाणी विकलं जात नाही. टँकरचंच बघा. पुण्यात बांधकामाला प्रक्रिया केलेलं पाणी वापरणं बंधनकारक आहे, पण नाक्यावर बोअरचा टँकर सहज मिळत असेल तर नियमाचं पोट रिकामंच राहतं. आधी भूजलाच्या उपशाला मीटर आणि दर लागायला हवा.

‘उद्या हे प्यायला देतील?’

आज महाराष्ट्रात पुनर्वापराची जी चर्चा आहे ती वीजकेंद्रं, उद्योग, बांधकाम, बागा आणि शेती यांची आहे. स्वयंपाकघरातल्या नळाची नाही. पण जगात पिण्यासाठीही हे करतात. नामिबियाची राजधानी विंडहुक 1968 पासून शुद्ध केलेलं मैलापाणी पिण्याच्या पाण्यात मिसळते, कारण वाळवंटाच्या कडेला दुसरा पर्याय नव्हता. सिंगापूरने 2003 मध्ये ‘न्यूवॉटर’ आणलं. त्यातलं बहुतेक चिप बनवणाऱ्या कारखान्यांना आणि इमारती थंड ठेवायला जातं, थोडं जलाशयात मिसळतात. सुरुवातीच्या काळात तिथल्या पंतप्रधानांनी राष्ट्रीय दिनाच्या सोहळ्यात सगळ्यांसमोर त्याची बाटली तोंडाला लावली होती.

याउलट ऑस्ट्रेलियातल्या टूवुंबा शहराने 2006 मध्ये दुष्काळातही मतदान घेऊन हा प्रस्ताव फेटाळला. सुमारे 62 टक्के लोकांनी नको म्हटलं. त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. आपल्या यंत्रणेवर आपला किती विश्वास आहे, यावरच हे ठरतं. 2025 च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि संशय दूषित पाण्यावर गेला, तेव्हा साध्या नळाच्या पाण्याबद्दलच लोक धास्तावले होते. अशा घरातल्या आईला ‘हे शुद्ध आहे, घ्या’ असं सांगून भागणार नाही. आधी नळाच्या पाण्याचे तपासणी अहवाल दर आठवड्याला प्रभागवार जाहीर करा, मग पुढचं बोला.

आपल्याकडे या किळसेत विटाळाची जुनी भावनाही मिसळलेली आहे. मैल्याशी संबंध आलेली वस्तू आणि त्याहून वाईट म्हणजे माणूसही कायमचा अपवित्र मानायची सवय. केंद्रात काम करणारा तो ऑपरेटर मला म्हणाला होता, गावाकडे तो फक्त ‘पाणीपुरवठ्यात आहे’ एवढंच सांगतो. नळकांड्यातला गाळ बघून जंतूंची तब्येत ओळखणाऱ्या माणसाला आपलं काम लपवावं लागतं.

आमच्या सोसायटीचा प्लांट

मोठ्या गृहसंकुलांना स्वतःचं मैलापाणी शुद्धीकरण संयंत्र बसवावं लागतं. कल्पना चांगली आहे: इथलं पाणी इथेच शुद्ध करून फ्लशला आणि बागेला वापरायचं, धरणाच्या पाण्याची तेवढी बचत. आमच्याकडे तळघरात तो प्लांट होता आणि ताबा मिळाल्यावर दोन वर्षं तो जवळजवळ बंदच होता. सभेत सगळे म्हणायचे, ‘विजेचं बिल कोण भरणार?’ टँकरचं बिल मात्र महिन्याला हजारोंनी जात होतं, पण ते वेगळ्या खात्यात, म्हणून कुणी दोन्ही आकडे शेजारी ठेवले नव्हते. एका काकूंनी वहीत दोन रकाने पाडून ते ठेवले आणि प्लांट चालू झाला.

पुढे पहिल्याच महिन्यात एका मजल्यावर फ्लशच्या पाण्याला वास यायला लागला. प्लंबरने दुरुस्ती करताना दोन वेगळ्या नळांची जोडणी चुकवली असेल या भीतीने मी दोन रात्री झोपले नाही. तसं नव्हतं, टाकीची साफसफाई राहिली होती. पण तेव्हापासून शुद्ध केलेल्या पाण्याचा पाइप वेगळ्या रंगाचा आणि त्यावर दर दोन मीटरवर ‘पिण्यासाठी नाही’ असं लिहिलेलं असावं, हा माझा हट्ट आहे. छोटे प्लांट शेकडोंनी असतात आणि त्यांच्यावर नजर ठेवायला माणसं मोजकी. प्रत्येक सोसायटीला स्वतंत्र केंद्राची सक्ती करण्यापेक्षा चार-पाच संकुलांना मिळून एक नीट चाललेलं केंद्र आणि पगारी ऑपरेटर, हे मला जास्त व्यवहार्य वाटतं.

समुद्राकाठची गोष्ट वेगळी

मुंबईच्या खाली कुणी सोलापूर नाही. तिचं मैलापाणी वरळी आणि वांद्र्याच्या नळांतून तीनेक किलोमीटर आत समुद्रात जातं किंवा खाड्यांत उतरतं. तिथे शुद्ध करून वापरलेला प्रत्येक लिटर कुणाच्याही ताटातून उचललेला नसतो. म्हणून राज्याकडे पैसा आणि लक्ष मर्यादित असेल, तर पुनर्वापराची पहिली सक्ती किनाऱ्यावरच्या शहरांवर व्हावी आणि नदीकाठच्या शहरांना खालच्या गावांचा हिशेब मांडल्याशिवाय परवानगी देऊ नये, असं मला वाटतं. दोघांना एकच टक्केवारी लावणारं धोरण कागदावर समान दिसेल, जमिनीवर अन्यायाचं होईल.

मुंबईत सात नवी केंद्रं उभी राहत आहेत: वरळी, मालाड, धारावी, वांद्रे, घाटकोपर, भांडुप आणि वर्सोवा. एकूण क्षमता 2,464 एमएलडी. मुंबई आज सात तलावांतून रोज जेवढं पाणी घेते, त्याच्या निम्म्याहून हे जास्त आहे. केंद्रं पूर्ण होतील तेव्हा हे पाणी नेणारे वेगळे नळ किती भागांत टाकलेले असतील, त्याचा दर काय असेल, रेल्वेच्या गाड्या धुण्यापासून बांधकामापर्यंत कुणाला ते घेणं भाग असेल, हे आत्ताच ठरायला हवं. रस्ते काँक्रीटचे होऊन गेल्यावर नळ टाकायला ते पुन्हा फोडावे लागतील.

आणि भातसा. मुंबईला सर्वाधिक पाणी देणारा तो जलाशय शहापूर तालुक्यात आहे आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातो. बायका हंडे घेऊन त्या टँकरची वाट पाहत बसतात, त्यांच्या डोळ्यांसमोरून मुंबईचा मोठा नळ गेलेला असतो. मुंबईने फ्लश, बागा आणि बांधकाम शुद्ध केलेल्या पाण्यावर नेलं तर भातशाचं काही पाणी सुटेल. त्यातले किती एमएलडी शहापूरच्या नावावर जमा होणार, तो आकडा या धोरणात मी शोधणार आहे.